वहीत होते, मसुद्यात नव्हते : जपानविषयीच्या एका प्रवासटिपणाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जपानला निघालेल्या २२ जणांच्या एका गटासाठी संयोजकांनी प्रस्थानाच्या दोन महिने आधी एक व्याख्यान ठेवले होते, आणि प्रत्येकाच्या हाती देण्यासाठी एक छापील टिपणही त्यांना हवे होते. ही दोन्ही कामे त्यांनी ज्या बाईंवर सोपवली, त्या काही महिन्यांपूर्वीच १२ दिवसांचा जपान प्रवास करून आल्या होत्या आणि त्या प्रवासात त्यांनी टोकियो, क्योतो व ओसाका ही तीन शहरे पाहिली होती. त्यांनी लिहिलेला मसुदा भाषा तपासण्यासाठी माझ्याकडे आला. अपेक्षा शुद्धलेखनापुरतीच होती. परंतु पुढे जे घडले त्यामुळे आम्हा दोघांनाही प्रवासाविषयी लिहिण्याची आपली जुनी सवय बदलावी लागली. लेखिकेच्या संमतीने, कोणाचेही नाव न देता, ते येथे मांडत आहे.

मसुदा सद्भावनेने लिहिलेला होता, हे आधी सांगितले पाहिजे. त्यात कोणाची टिंगल नव्हती, कोणाला कमी लेखलेले नव्हते. जवळजवळ प्रत्येक परिच्छेद कौतुकाचाच होता. ‘वक्तशीरपणा जपानी माणसाच्या रक्तातच आहे.’ ‘जपानी माणूस गाडीत कधी बोलत नाही, शांतता हा त्याचा स्वभाव आहे.’ ‘आदरातिथ्य शिकावे तर जपानी दुकानदाराकडून.’ ‘सारा देश एकजिनसी असल्यामुळे तेथे शिस्त टिकते.’ अशी वाक्ये एकामागून एक येत होती आणि वाचताना ती गोड वाटत होती. हे प्रकरण मला नोंदवण्यासारखे वाटते ते याच कारणासाठी. एखाद्या समाजाविषयीचे सरसकट निंदेचे विधान कानाला लगेच खटकते आणि संपादक त्याच्याखाली रेघ ओढतो. सरसकट स्तुतीचे विधान मात्र सौजन्याच्या वेषात येते आणि कोणी न अडवता छापले जाते. साचा दोन्हींचा एकच असतो.

पहिली दुरुस्ती आणि ती का फसली

वाचताना काहीतरी बोचत होते, परंतु नेमके काय ते मला उमगत नव्हते. म्हणून संपादकाच्या हाताला सवयीने सापडणारा उपाय मी केला. जेथे जेथे सरसकट विधान होते तेथे ‘बहुतेक’, ‘साधारणपणे’, ‘बऱ्याचदा’ असे शब्द पेरले. ‘वक्तशीरपणा जपानी माणसाच्या रक्तातच आहे’ या वाक्याचे ‘बहुतेक जपानी लोक साधारणपणे वक्तशीर असतात’ असे झाले. लेखिकेने ते वाचून नापसंती कळवली, आणि त्यांचे म्हणणे बरोबर होते. वाक्याचा जीव गेला होता आणि दावा मात्र जागचा हलला नव्हता. ‘बहुतेक’ म्हणायचे तर कोणीतरी मोजलेले असावे लागते. आम्ही दोघांनीही काहीच मोजले नव्हते. अशा ठिकाणी ‘बहुतेक’ हा शब्द लिहिणाऱ्याला निर्धास्त करतो, वाचणाऱ्याला अधिक काही सांगत नाही.

त्यांनी फोनवर विचारलेला प्रश्नही टाळण्यासारखा नव्हता. “अहो, सगळीकडे ‘कदाचित’ घातले तर टिपण लिहायचे तरी कशाला? तिथे जाऊन कसे वागायचे, हे लोकांना कळायला हवे ना?” त्यांची गरज खरी होती. परक्या देशात पहिल्यांदा जाणाऱ्याला काही आडाखे लागतात. ‘प्रत्येक माणूस वेगळा असतो’ एवढेच सांगून कोणी त्याला विमानतळावर सोडून देऊ शकत नाही. सामान्य विधान करूच नये, असा नियम घातला असता तर टिपण सुरक्षित झाले असते आणि निरुपयोगीही.

तेव्हा मोजता येईल तेवढे तरी मोजून पाहू, असे आम्ही ठरवले. मराठीत आपण शितावरून भाताची परीक्षा करतो, आणि ती परीक्षा खरी ठरते, कारण सगळा भात एकाच पातेल्यात, एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. सुमारे १२ कोटी लोकसंख्येच्या देशाला ही अट लागू होत नाही. ज्यांच्याशी दोन वाक्यांहून अधिक बोलणे झाले अशी माणसे लेखिकेने आठवून मोजली, तेव्हा १२ दिवसांत ती १९ भरली. त्यांपैकी ११ जण हॉटेलात, दुकानात, स्थानकावर किंवा मार्गदर्शक म्हणून कामावर होते. म्हणजे पाहुण्याशी अदबीने बोलणे हा त्यांच्या नोकरीचाच भाग होता. उरलेल्या आठांपैकी पाच जणांनी आपण होऊन बोलणे सुरू केले होते, म्हणजे परक्या माणसाशी बोलण्याची हौस असलेलीच माणसे तेवढी भेटली होती. ज्यांना कामाची घाई होती, ज्यांना इंग्रजी येत नव्हते, जे पर्यटकांना कंटाळलेले होते, ते या १९ जणांत येणे शक्यच नव्हते. प्रवाशाला भेटणारी माणसे अशी एका चाळणीतून खाली आलेली असतात, आणि ती चाळणी लेखनात कधी दिसत नाही.

सेन्सेईंचे उत्तर

मसुदा एखाद्या जपानी वाचकाने पाहावा, असे मला वाटले. आमच्या परिचयात जपानी भाषा शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांचा जन्म ओसाकाचा, आणि अनेक वर्षे त्या जपानबाहेर राहत आहेत. त्यांचे विद्यार्थी त्यांना सेन्सेई म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. मी मसुदा पाठवला आणि सोबत लिहिले, ‘जपानी लोकांचे हे वर्णन बरोबर आहे का, ते कृपया पाहावे.’

हा प्रश्न विचारणे ही या प्रकरणातली माझी दुसरी चूक होती. सेन्सेईंनी फार सौम्यपणे ती दाखवून दिली. “सगळ्यांच्या वतीने ‘हो, आम्ही असेच आहोत’ असे मी कसे म्हणू? मी त्यातली एक आहे, आणि तीही कित्येक वर्षे बाहेर राहिलेली. माझ्यापुरते विचाराल तर सांगते.” एका देशातल्या एका माणसाला त्या देशाचा शिक्का मारणारा अधिकारी समजणे, हा ज्या चुकीतून आम्ही बाहेर पडू पाहत होतो तिचाच दुसरा प्रकार होता. तेथील वाचकाकडे मसुदा जरूर द्यावा. परंतु त्याला ‘हे खरे आहे का’ असे विचारण्यापेक्षा ‘वाचताना तुम्ही कोठे थांबलात’ असे विचारावे, हे मी तेव्हापासून पाळतो.

तसे विचारल्यावर त्यांनी जे सांगितले ते मला अजून विसरता आलेले नाही. त्या वक्तशीरपणाच्या वाक्याशी थांबल्या होत्या. “मी उशिरा येणारी बाई आहे, लहानपणापासून. आमच्या घरी यावरून बोलणी खावी लागत. इथे वर्गात मला दहा मिनिटे उशीर झाला, की विद्यार्थ्यांना माझा उशीर दिसत नाही, ‘जपानी असून उशीर’ दिसतो. ते हसतात, प्रेमानेच हसतात. पण मी त्यांच्यासाठी मी उरत नाही.” स्तुतीने कोणाचे काय बिघडते, असे ज्यांना वाटते त्यांनी या पाच वाक्यांचा विचार करावा. एखाद्या गुणाचा शिक्का अख्ख्या समाजावर मारला, की तो गुण अंगी असलेल्याचे श्रेय जाते, कारण त्याच्या रक्तातच तो होता. आणि तो नसलेला माणूस आपल्याच देशाचा अपुरा नमुना ठरतो.

वही

यानंतर लेखिकेला काही स्थानकांची नावे पडताळायची होती, म्हणून त्यांनी प्रवासातली आपली वही माझ्याकडे पाठवली. त्या रोज रात्री झोपण्यापूर्वी दिवसभराची नोंद लिहीत. वही आणि मसुदा शेजारी ठेवून वाचताना या प्रकरणाची खरी उकल झाली.

चौथ्या दिवसाच्या पानावर एक लहानशी छापील चिठ्ठी चिकटवलेली होती. त्या सकाळी टोकियोत सिग्नलच्या तपासणीमुळे गाडी सुमारे २५ मिनिटे थांबली होती, फलाटावर दाटी झाली होती, आणि बाहेर पडण्याच्या दाराशी रेल्वेचा कर्मचारी ‘चिएन शोमेइशो’, म्हणजे गाडीला उशीर झाल्याचा दाखला, वाटत होता. नोकरदार आणि विद्यार्थी तो घेऊन जात होते, कारण कार्यालयात आणि शाळेत तो दाखवता येतो. हा दाखला जपानमध्ये इतका नित्याचा आहे, की राजधानीच्या परिसरातील मार्गांवर तो किती दिवस दिला गेला याची आकडेवारी तेथील परिवहन मंत्रालय प्रसिद्ध करते. मसुद्यात यातले काहीच नव्हते.

सहाव्या दिवशी रात्री हॉटेलाजवळच्या चोवीस तास उघड्या दुकानात छत्री घेताना काउंटरवरचा तरुण लेखिकेशी हिंदीत बोलला होता. तो नेपाळहून शिकायला आला होता आणि रात्रपाळी करत होता. त्याने छत्रीचे वेष्टन काढून दिले, बाहेर पाऊस आहे म्हणून पिशवीवर प्लॅस्टिक चढवले, दारापर्यंत येऊन वाट दाखवली. मसुद्यातले ‘आदरातिथ्य शिकावे तर जपानी दुकानदाराकडून’ हे वाक्य ज्या प्रसंगावरून आले, तो हाच प्रसंग होता. छत्री, पाऊस, पिशवी, सगळे मसुद्यात होते. नेपाळ तेवढे गळले होते. जपानमध्ये आज ३० लाखांहून अधिक परदेशी नागरिक राहतात आणि मोठ्या शहरांतील अशा दुकानांत रात्री भेटणारा माणूस व्हिएतनामचा किंवा नेपाळचा असणे मुळीच नवलाचे नाही. ‘एकजिनसी देश’ या वाक्याचे उत्तर लेखिकेच्या स्वतःच्या वहीतच होते. उत्तरेकडील होक्काइदो बेटाच्या आयनू लोकांना २०१९ च्या कायद्याने मूलनिवासी म्हणून मान्यता दिली गेली, आणि आज ओकिनावा म्हणून ओळखला जाणारा भाग १८७९ पर्यंत र्‍युक्यूचे स्वतंत्र राजघराणे असलेला प्रदेश होता, हे टिपणात नंतर जोडले गेले. पण ते वाक्य पडायला तो एक तरुण पुरेसा होता.

शुक्रवारच्या पानावर रात्री उशिराच्या गाडीतल्या मोठमोठ्याने हसणाऱ्या सहकाऱ्यांच्या एका घोळक्याची नोंद होती. तीही मसुद्यात नव्हती.

“हे का वगळले, ताई?” असे मी विचारले, तेव्हा त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, “ते अपवाद वाटले.” पुढे त्यांनी स्वतःच विचार केला, की चौथ्या दिवशी आपल्याला नियम कोणता आणि अपवाद कोणता हे कळले कसे? नियम त्यांनी तेथे पाहिलाच नव्हता. तो त्या इथून बरोबर घेऊन गेल्या होत्या. १४ नोव्हेंबर २०१७ रोजी टोकियोजवळच्या मिनामी-नागारेयामा स्थानकावरून त्सुकुबा एक्सप्रेसची एक गाडी ९ वाजून ४४ मिनिटे ४० सेकंदांऐवजी २० सेकंद आधी सुटली आणि रेल्वे कंपनीने त्याबद्दल जाहीर दिलगिरी व्यक्त केली. ही बातमी तेव्हा जगभर फिरली आणि लेखिकेनेही ती वाचली होती. ती बातमी खरी आहे. परंतु एका कंपनीने काढलेले एक निवेदन त्या दिवसापासून अनेकांच्या मनात एका समाजाचा स्वभाव होऊन बसले, आणि त्यानंतर जो प्रवासी जपानला गेला त्याला वेळेवर आलेली प्रत्येक गाडी पुरावा वाटली व अडकलेली गाडी अपवाद.

मला या प्रकरणातून जे सांगायचे आहे ते इथे आहे. साचेबंद चित्र तयार होते ते लिहायच्या टेबलावर, आपण काय गाळतो त्यातून. लेखिकेच्या डोळ्यांनी सगळे नीट पाहिले होते, हाताने रात्री सगळे नीट टिपलेही होते. ‘साचेबंद’ या अर्थी इंग्रजीत ‘स्टिरिओटाइप’ हा जो शब्द रूढ आहे तो मूळचा छापखान्यातला: सुटे खिळे, म्हणजे छपाईची सुटी अक्षरे, जुळवून झाले की त्यांवरून धातूचा अखंड ठसा ओतत आणि त्यानंतर त्यातले एकही अक्षर हलवता येत नसे. वहीतली नोंद सुट्या खिळ्यांसारखी असते. मसुदा लिहिताना आपण ठसा ओततो, आणि न बसणारे खिळे त्याआधी काढून ठेवतो.

‘रक्तात’ या शब्दाची तपासणी

वक्तशीरपणाचा परिच्छेद आता कसा लिहायचा, हा प्रश्न उरला. गाड्या वेळेवर येतात ही गोष्ट लेखिकेने पाहिली होती आणि ती सांगण्यासारखी होती. आक्षेप होता तो कारणाला. म्हणून कारण शोधायचे ठरले, आणि हाच भाग मला सर्वांत फलदायी वाटला.

१८५० च्या दशकात नागासाकीत नौदलाचे प्रशिक्षण देण्यासाठी आलेल्या डच अधिकाऱ्यांच्या लेखनात जपानी कामगारांच्या संथपणाची आणि वेळ न पाळण्याची तक्रार आढळते. त्या काळी जपानमध्ये तास ठरावीक लांबीचा नव्हता: दिवसाचे सहा आणि रात्रीचे सहा भाग केले जात आणि दिवस लहानमोठा होईल तसे ते भागही लहानमोठे होत, त्यामुळे उन्हाळ्यातला दिवसाचा एक भाग हिवाळ्यातल्यापेक्षा लांब असे. शेतीच्या कामाला ही पद्धत उत्तम जुळत होती. १८७२ साली शिंबाशी आणि योकोहामा यांच्यामध्ये पहिली रेल्वे सुरू झाली, आणि १ जानेवारी १८७३ पासून सरकारने पाश्चात्त्य दिनदर्शिका आणि समान लांबीचे तास स्वीकारले. मिनिट हे मोजमाप सामान्य माणसाच्या आयुष्यात आणले ते रेल्वेने, शाळेने, कारखान्याने आणि सैन्याने. तरीही काम पुरे झाले नव्हते, म्हणूनच १९२० साली १० जून हा ‘वेळेचा दिवस’ म्हणून पाळण्यास सुरुवात झाली आणि नागरिकांनी वेळ पाळावी यासाठी मोहीम काढावी लागली. जे रक्तात असते त्यासाठी मोहीम काढावी लागत नाही.

या वक्तशीरपणाला किंमतही आहे, आणि कौतुकाच्या लेखनात ती हमखास सुटते. २५ एप्रिल २००५ रोजी आमागासाकी येथे एक उपनगरी गाडी वळणावर रुळांवरून घसरून इमारतीवर आदळली आणि चालकासह १०७ जणांचा मृत्यू झाला. गाडीला एक मिनिटाहून थोडा अधिक उशीर झालेला होता आणि वळणावर तिचा वेग मर्यादेपेक्षा खूपच अधिक होता. चुका करणाऱ्या चालकांना कंपनीत जे शिक्षेसारखे ‘पुनर्प्रशिक्षण’ दिले जाई, त्याच्या धास्तीचा मुद्दा चौकशीत पुढे आला आणि त्यावर जपानमध्येच फार मोठी चर्चा झाली. ज्या देशाचे लोक आपल्या वेळापत्रकाविषयी असा वाद घालतात, त्या देशात पाहुण्याने येऊन ते वेळापत्रक त्यांचा जन्मजात गुण म्हणून गौरवणे, हे त्या वादातल्या माणसांना न पाहण्यासारखे आहे.

टिपणात एवढा सगळा इतिहास मावणार नव्हता आणि मावायची गरजही नव्हती. तीन वाक्ये पुरली: गाड्या वेळेवर येतात याला कसोशीने आखलेले वेळापत्रक आणि कर्मचाऱ्यांवरचा मोठा दबाव कारण आहे, ही सवय गेल्या दीडशे वर्षांत घडवली गेली, आणि आम्ही तेथे असताना एक गाडी २५ मिनिटे थांबली होती, तिचा हा दाखला.

व्याकरणाचा उपाय

बाकीच्या वाक्यांसाठी आम्हाला एक साधी युक्ती सापडली आणि ती मराठी वाक्यरचनेतूनच निघाली. मराठीत एखाद्या समाजाविषयी बोलताना आपण एकवचन वापरतो: ‘जपानी माणूस’, ‘तिकडचा माणूस’. हा एक माणूस कोट्यवधींच्या वतीने वाक्याचा कर्ता होऊन उभा राहतो आणि क्रियापद नित्याच्या वर्तमानकाळात जाते: बोलत नाही, करतो, असतो. कर्ता बदलला आणि क्रियापद भूतकाळात नेले, की वाक्य आपोआप जमिनीवर येते, कारण भूतकाळाला स्थळ आणि वेळ मागावीच लागते. गाडीतल्या शांततेचा परिच्छेद लेखिकेने पुन्हा लिहिला तो असा:

‘मंगळवारी सकाळी आठच्या सुमारास शिंजुकूकडे जाणाऱ्या गाडीत पाय ठेवायला जागा नव्हती, तरी डब्यात चाकांचा आवाज ऐकू येत होता. फोन मॅनर मोडवर, म्हणजे आवाज बंद करून, ठेवावा, फोनवर बोलू नये, अशी सूचना वारंवार होत होती आणि दारावर तशी चित्रेही होती. शुक्रवारी रात्री साडेअकराच्या गाडीत मात्र आमच्या समोरचा घोळका खळखळून हसत होता आणि त्यांना कोणी काही म्हणाले नाही. तुम्ही फोनवर बोलायचे असेल तर खाली उतरून बोला; शेजाऱ्याशी हळू आवाजात बोलण्यास हरकत दिसली नाही.’

यात ‘जपानी माणूस’ हे शब्द एकदाही आलेले नाहीत आणि जाणाऱ्याला हवी ती माहिती पूर्ण मिळते. माझ्या मते ती आधीपेक्षा अधिक मिळते, कारण शांततेचे मूळ सूचनेत आहे हे कळल्यावर प्रवासी सूचनेकडे लक्ष देतो. ते स्वभावात आहे असे सांगितले तर तो नुसता अचंबा करतो.

नियम शोधायला गेल्याचा आणखी एक लाभ झाला. मसुद्यात ‘सरकत्या जिन्यावर टोकियोत डावीकडे उभे राहतात, ओसाकात उजवीकडे, दुसरी बाजू चालणाऱ्यांसाठी मोकळी ठेवण्याची ही सुंदर प्रथा पाळावी’ असे होते. ही प्रथा लेखिकेने पाहिली होती हे खरेच. परंतु तेथील रेल्वे कंपन्या आता जिन्यावर चालू नका, दोन्ही बाजूंना उभे राहा, असे सांगत असतात. सायतामा प्रांताने ऑक्टोबर २०२१ पासून आणि नागोया शहराने ऑक्टोबर २०२३ पासून तसा नियमच केला आहे. ज्या प्रथेला आपण ‘त्यांची संस्कृती’ म्हणून जपायला सांगतो, ती मोडावी म्हणून तेथीलच लोक खटपट करत असतील, ही शक्यता प्रवासवर्णनात फारच क्वचित विचारात घेतली जाते.

छायाचित्र आणि घरमालकीण

दोन गोष्टी मजकुराच्या बाहेरच्या होत्या, आणि त्यांत आम्हाला निर्णय घेणे अधिक जड गेले.

पहिली गोष्ट क्योतोच्या गिओन भागातल्या एका छायाचित्राची. संध्याकाळी घाईने चाललेली एक माइको, म्हणजे शिकाऊ कलावंत, त्यात बाजूने दिसत होती आणि खाली ‘जुना जपान अजून जिवंत आहे’ असे लिहिले होते. ती मुलगी आपल्या कामावर निघालेली होती. पर्यटक पाठलाग करतात, अंगाला हात लावतात, म्हणून गिओनच्या रहिवाशांनी २०१९ साली खासगी गल्ल्यांत छायाचित्रणबंदीचे आणि १०,००० येन दंडाचे फलक लावले, आणि २०२४ साली काही गल्ल्या पर्यटकांना बंदच केल्या. संमतीवाचून चेहरा टिपला न जाण्याचे संरक्षण जपानच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६९ सालीच मान्य केलेले आहे. लेखिकेने हे छायाचित्र रस्त्यावरून काढले होते, गल्लीतून नव्हे. तरीही त्यांनी ते काढून टाकले आणि त्या जागी फलकाचे छायाचित्र दिले. मला हा बदल सगळ्या टिपणातला उत्तम बदल वाटतो, कारण पाहुण्यांना जे सांगायचे आहे ते तेथील लोकांनी स्वतःच लिहून ठेवले होते.

दुसरी गोष्ट क्योतोतल्या निवासाच्या मालकिणीची. त्यांनी एका रात्री चहा पिताना लेखिकेला आपल्या विवाहाविषयी आणि दूर राहणाऱ्या मुलाविषयी मोकळेपणाने सांगितले होते, आणि मसुद्यात तो प्रसंग ‘जपानी कुटुंबव्यवस्थेला तडे जात आहेत’ या विधानाचा आधार म्हणून आला होता. निवासाचे नाव आणि गल्ली त्याच मसुद्यात दोन पाने आधी होती. लेखिकेने त्यांना पत्र लिहून हा प्रसंग छापू का, असे विचारले. उत्तर फार जिव्हाळ्याचे आले: तुमच्याशी बोलून बरे वाटले, पण ते तुमच्याशी होते. तो भाग पूर्ण निघाला. नाव बदलून तो ठेवता आला असता, असे संयोजकांनी सुचवले होते. लेखिकेने ऐकले नाही, आणि मीही आग्रह केला नाही.

व्याख्यान, आणि ओसाकाचे वाक्य

संयोजकांनी व्याख्यानाच्या फलकावर मात्र ‘शिस्तीचा देश जपान’ हेच आधी ठरलेले शीर्षक छापले होते. टिपणाच्या मुखपृष्ठावर लेखिकेने ‘बारा दिवस, तीन शहरे’ असे लिहिले होते. बोलायला उभ्या राहिल्यावर त्यांनी वहीतून ती उशिराच्या दाखल्याची चिठ्ठी काढली आणि ती श्रोत्यांत फिरवली. काही जणांना हे रुचले नाही. एका गृहस्थांनी उघडच विचारले, की एवढ्या लांब जाऊन आलात तर ते लोक कसे आहेत हे ठामपणे का सांगत नाही? लेखिकेने त्यांना १९ जणांची मोजदाद सांगितली. त्यांचे समाधान झाले नसावे, असे मला वाटते. मात्र त्यानंतर प्रश्न आले ते आधीच्या व्याख्यानांत येत नसत अशा प्रकारचे होते: दाखला कोठे मिळतो, त्या नेपाळी मुलाला शिक्षणाचा खर्च परवडतो का, गिओनमध्ये कोणत्या वाटेने गेलेले चालते.

एका वाक्यावर आमचे तिघांचे एकमत शेवटपर्यंत झाले नाही. ‘टोकियोपेक्षा ओसाकाचे लोक अधिक मोकळे’ असे लेखिकेने लिहिले होते. देशाचा साचा मोडून आपण आता शहराचा साचा करतो आहोत, असे माझे म्हणणे होते. सेन्सेई मात्र म्हणाल्या, की आम्ही ओसाकाची माणसे स्वतःविषयी असेच म्हणतो आणि त्याचा आम्हाला अभिमान आहे. घरच्या माणसाने स्वतःविषयी अभिमानाने केलेले विधान पाहुण्याने आपले म्हणून पुढे न्यावे का, यावर आम्ही दोन संध्याकाळी बोललो आणि तिघेही आपापल्या मतावर राहिलो. अखेर लेखिकेने वही पुन्हा उघडली. टोकियोत त्यांचा मुक्काम शिंजुकूच्या कार्यालयांच्या भागात होता आणि त्या सकाळी आठला बाहेर पडत. ओसाकात त्या दुपारभर कुरोमोन बाजारात फिरल्या होत्या. छापील टिपणात ते वाक्य असे गेले: ‘ओसाकात माझ्याशी बोलायला अधिक माणसे थांबली. तेथे मी बाजारात होते. टोकियोत कामावर निघालेल्या लोकांच्या वाटेत.’